तू कोनी पोर वं?

[दृश्य: अमळनेर. सकाळ. बंद दार, बाहेर चपलांचे दोन जोड.]

या दाराच्या आत आमचा कॅमेरा गेलेला नाही. आत एक मुलगी बसली आहे, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेणारी. तिच्यासमोर कोण आहे, हे तिनं सांगितलं नाही. आम्ही दोनदा विचारलं, तरी नाही. त्यामुळे ही फिल्म तिच्याबद्दलच करावी लागली.

[दृश्य: पारोळ्याकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी.]

गाव पारोळ्याकडचं, घरात अहिराणी, शेतात कापूस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा वडील पुढचे काही महिने जवळजवळ गप्पच होते. घरात कुणी त्याला आजार म्हटलं नाही. आई एवढंच म्हणायची, "त्यास्ले काईच गोड लागत नई."

पुढे एम.ए.च्या वर्गात नैराश्याची लक्षणं शिकवली गेली. कशातच रस न वाटणं, हे त्यातलं एक. तिनं वहीच्या समासात लिहिलं: गोड लागत नई.

ती वही तिनं आम्हाला दाखवली. समास असे बरेच भरलेत. जीव घाबरा व्हस. डोकं जड शे. इथली माणसं दुःख सांगायला बसली की आधी शरीराचं सांगतात, आणि तिला वाटतं, ते तसंच ऐकायला हवं. 'डिप्रेशन' हा शब्द ती स्वतःहून पुढे करत नाही.

[दृश्य: गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड.]

खुर्च्या मात्र तिनं आल्या आल्या हलवल्या. समोरासमोर होत्या, त्या तिरक्या केल्या. समुपदेशनात ही पद्धत आहेच. पण तिला ती पटली आजीच्या अंगणात. उन्हाळ्यात बायका बिबडे थापायला जमायच्या. हात ज्वारीच्या घाट्यात, नजर कापडावर. सासरचं, नवऱ्याचं, न झालेल्या मुलाचं, सगळं तिथे निघायचं. "एकमेकींच्या डोळ्यांत बघत असत्या, तर एकही बोलली नसती," ती म्हणते.

तिला जड गेलं ते गप्प बसणं. आमच्या खान्देशात चहाच्या आधी सल्ला येतो. सरावाच्या पहिल्या सत्रात मैत्रीण अशील, म्हणजे समुपदेशनाला आलेली व्यक्ती, झाली होती, आणि हिनं पाचव्या मिनिटाला तिला तीन उपाय सांगून टाकले. मार्गदर्शक बाईंनी टेप थांबवली. "तिनं काय विचारलं होतं?" काहीच विचारलं नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं, की माणूस बदलायचा तर समोरच्याचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि आतून समजून घेणं लागतं. सल्ल्याचा त्यात उल्लेख नाही. परीक्षेत हे लिहून तिला मार्क मिळाले होते. कळलं ते त्या टेपपाशी.

एका ठिकाणी मात्र ती थेट विचारते. 'पीएचक्यू-९' या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. नववा मरणाच्या विचारांचा. सुरुवातीला तो ती घाईनं, कागदाकडे बघत उरकायची. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे, हे तिला माहीत होतं. जीभ तरी अडायची. आता ती हा प्रश्न अहिराणीत विचारते, आणि मग थांबते. उत्तर 'हो' आलं तर ते त्या खोलीतच ठेवता येत नाही; मार्गदर्शक बाई, मनोविकारतज्ज्ञ, गरज पडली तर घरचं माणूस. हे ती पहिल्याच भेटीत सांगून ठेवते. औषधं ती देत नाही, देऊ शकत नाही. कुणी भगताकडे जाऊन आलं असेल, तर ती विचारते, "तिथे काय बरं वाटलं?"

रात्री-अपरात्री कुणाला लागलं तर १४४१६, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर, कार्डावर लिहून देते.

[दृश्य: दुपार. दारात नऊवारीतल्या एक आजी. चेहरा दिसत नाही.]

"तू कोनी पोर वं?" आजी उंबऱ्यातूनच विचारतात.

ती वडिलांचं नाव सांगते, गावही. खोटं बोलून चालणार नाही, इथे दोन फोनांत सगळं कळतं. मग म्हणते, "पण आजी, आठलं बोलनं मन्हा घर जात नई." इथलं बोलणं तिच्या घरी जात नाही.

आजी चपला काढतात. दार लागतं.