एका सेकंदाची उसंत

(सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बोलायला उभी राहण्याआधी बाहेरच्या टेबलावर मी दोन काचपट्ट्या तयार करून आले. एकीवर माझं रक्त आहे, दुसरीवर तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका तरुण मित्राचं. त्याला सिकलसेल आहे, डबल एस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही या आजाराचं जनुक आलेलं. थेंब देताना तो म्हणाला, "मॅडम, दाखवा लोकांना. पाहू द्या आत काय होते ते." दोन्ही थेंबांत सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण मिसळलंय, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलिननं बंद केल्या आहेत. हे द्रावण थेंबातला ऑक्सिजन ओढून घेतं. आत्ता सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. काचपट्ट्यांना त्यांचं काम करू द्या, तोवर आपण बोलू.

विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठेही जा; 'एएस' म्हणजे एकच बिघडलेलं जनुक असलेला वाहक, 'एसएस' म्हणजे दोन्ही बिघडलेली असलेला रुग्ण, ही अक्षरं आशाताईंपासून आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहेत. 1958 साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, तेव्हापासून हा आजार आपल्या भागाच्या नावानं वैद्यकीय साहित्यात आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांना संघटित करण्यात आयुष्य घातलं. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. नाव सगळ्यांना माहीत आहे. पण पेशीच्या आत नेमकं काय घडतं हे घराघरात पोचलेलं नाही, आणि ते पोचलं तर रोजच्या वागण्यात फरक पडतो, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. म्हणून आज हिमोग्लोबिनच्या, म्हणजे तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, रेणूबद्दल बोलायचंय.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्याचं लिहिलं. आपल्याकडे खेड्यात इळा म्हणतात, अगदी तसाच आकार. मग जवळजवळ चाळीस वर्षं हा पेशीचा आजार मानला गेला. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडलं. दोन्ही वेगवेगळ्या गतीनं सरकले. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले निघाले. म्हणजे बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूत होता, पेशी त्याचा परिणाम भोगत होती. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं. एखाद्या आजाराला असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

बिघाड नेमका कुठे, ते केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956-57 मध्ये शोधलं. ही पद्धत मला इतकी आवडते की वर्गात मी ती फळ्यावर काढून दाखवत असे. हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमनं कापायचं, तुकडे ओल्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवायचे, एका दिशेनं विजेनं पसरवायचे, मग कागद फिरवून दुसऱ्या दिशेनं द्रावणानं. कागदभर ठिपके उमटतात, सुमारे तीस. निरोगी माणसाचा कागद आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवले, तर ठिपक्यांची तीच रांगोळी, फक्त एक ठिपका सरकलेला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, ओवलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं. पुढे कळलं की अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' झालंय. एक अक्षर बदललं, बाकी सगळं जसंच्या तसं.

एवढ्यानं इतकं का बिघडावं? ग्लुटॅमिक आम्लावर विजेचा भार असतो, ते पाण्यात सुखानं राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून लपायला जागा शोधतं. आपल्या ब्लाउजला टिचबटण असतं ना, एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला खळगा, तसं समजा. व्हॅलिन ही गाठ. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर तिला बसेल असा खळगा असतो. रेणूला ऑक्सिजन चिकटलेला असेपर्यंत त्याची ठेवण अशी की बटण लागत नाही. ऑक्सिजन उतरला की ठेवण बदलते आणि टिच! एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. अशा चौदा पदरांचा पीळ घातलेला दोर तयार होतो, एका पेशीत असे कितीतरी. ते आतून ढकलतात म्हणून पेशी लांबट, वाकडी, ताठ होते आणि बारीक केशवाहिनीत अडकते. मागचं रक्त थांबतं, आणि हाडात, छातीत, पोटात कळा सुरू होतात. या पेशी मोडतातही लवकर. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवस. म्हणून कायमचा रक्तक्षय आणि पिवळे डोळे.

इथवरचं पाठ्यपुस्तकात असतं. मला ज्या गोष्टीवर थांबायचंय ती याच्या पुढची आहे.

साखरेचा पाक करताना तुम्ही पाहिलं असेल. पाक बराच वेळ नितळ राहतो, काहीच घडत नाही असं वाटतं. मग कुठेतरी एक कण धरतो आणि बघता बघता सगळा पाक दाणेदार होतो. हिमोग्लोबिन एसचंही, म्हणजे सिकलसेलच्या या बिघडलेल्या हिमोग्लोबिनचंही, तसंच. ऑक्सिजन उतरल्याबरोबर दोर वळले जात नाहीत. आधी काही रेणू एकाच वेळी, एकाच जागी, योग्य ठेवणीत एकत्र यावे लागतात. ते जमेपर्यंत वेळ जातो. मी त्याला उसंत म्हणते. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते. उसंत त्याहून मोठी असेल तर पेशी मोकळ्या शिरेत निसटते, फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते, आणि काहीही घडत नाही. उसंत कमी पडली तर ती आतच अडकते. डबल एस असलेल्या माणसाच्या शरीरात ही शर्यत रात्रंदिवस चालू असते, आणि बहुतेक पेशी ती जिंकतात. तो मित्र आज इथे हसत बसलाय तो त्यामुळेच.

आता उसंत कशावर ठरते? 1974 साली अमेरिकेत हॉफरिच्टर, रॉस आणि ईटन यांनी ते मोजलं. पेशीतलं हिमोग्लोबिन जितकं दाट, तितकी उसंत कमी, हे अपेक्षितच होतं. पण किती कमी? दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. रसायनशास्त्रात असा आकडा सहसा पाहायला मिळत नाही. हिशेब करून पाहा: पेशीतलं पाणी थोडं कमी होऊन हिमोग्लोबिन 5 टक्क्यांनी दाट झालं, तर उसंत चौथाईच्याही खाली येते. फक्त 5 टक्के!

हा आकडा ध्यानात ठेवून मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांपुढे आणा. पारा 45-46 अंशांवर, नवतपा लागलेला, शाळेच्या उन्हाळी शिबिरातून सायकल हाणत येणारं पोरगं.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, जी माझ्या मनातून गेलेली नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवायचे, रुग्णांशी थेट संबंध कमी. एकदा प्रयोगशाळेच्या दारात एक बाई अहवाल न्यायला आली. मुलगा नऊ वर्षांचा, डबल एस. महिन्यातून दोनदा तरी पहाटे कळा निघत. बोलता बोलता ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हा अजून गादी ओली करते. सहाच्या नंतर पाण्याचा थेंब नाही देत मी त्याले. तरी करतेच." मी विचारलं, पाणी बंद करायला कोणी सांगितलं? म्हणाली, "दवाखान्यातच सांगतलं. संध्याकाळी पाणी कमी द्या म्हणे."

मी जागच्या जागी गार झाले. कारण मूत्रपिंडाच्या आतल्या भागाबद्दल मी दरवर्षी शिकवत होते. तिथे रक्त अतिशय खारट वातावरणातून जातं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, ऑक्सिजनही तिथे कमी. शरीरात उसंत सगळ्यात कमी मिळते ती तिथेच. त्यामुळे या मुलांच्या मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या लहानपणीच खराब होतात आणि लघवी दाट करण्याची ताकद जाते. पाणी कमी प्यायलं तरी लघवी पातळ आणि भरपूरच होणार. ते मूल आळशी नव्हतं, हट्टीही नव्हतं. आणि पाणी तोडल्यावर गादी कोरडी होणार नव्हती, पेशी मात्र कोरडी होत होती. पहाटेच्या कळा त्यातून येत असणार. सिकलसेलचा तास मी वेगळा घ्यायचे, मूत्रपिंडाचा वेगळा. दोन्ही एका पोराच्या अंथरुणात एकत्र येतात हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिला मी तिथेच बसवून पाकाचं उदाहरण दिलं. घरी माठ होता. म्हटलं, त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेवा, रात्री लघवीला उठवा, उठला की चार घोट पाजा. तिनं एकच विचारलं, "मंग त्याले मारायचं नाही ना?" नाही हो ताई, म्हटलं, मारायचं नाही.

इथे शिक्षक बसले असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सिकलसेलच्या मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली असू द्या आणि ते लघवीला जातो म्हणालं तर एका शब्दानं न विचारता जाऊ द्या. ताप, उलट्या-जुलाब, थंडीत गार पाण्यानं अंघोळ, न झेपणारी धावपळ, यांनीही कळा येऊ शकतात. ताप आला तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

औषधांकडे वळू. तीही बरीचशी उसंत वाढवण्याचीच आहेत. 1948 साली न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी दाखवून दिलं की तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, कारण त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ असतं. त्याचा रेणू त्या दोरात नीट बसत नाही, दोर धरू देत नाही. बाळ सहा महिन्यांचं होईतो एफ ओसरतं, आणि मग हातापायांची बोटं सुजून पहिली खूण दिसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध एफ पुन्हा वाढवतं. अमेरिकेत 1998 साली त्याला प्रौढांसाठी मान्यता मिळाली. आपल्या मेडिकल कॉलेजात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी, ठरावीक मात्रेत ते मुलांना देऊन पाहिलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. ही गोळी स्वस्त आहे. रक्ताची तपासणी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते, आणि मधेच सोडायची नसते. कळा थांबल्या म्हणून गोळी थांबवणारी घरं मी खूप पाहिली. कळा गोळीनं थांबलेल्या असतात.

2008 साली बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या चमूनं बीसीएल11ए हे प्रथिन एफला दाबून ठेवतं हे दाखवलं. तिथून पंधरा वर्षांत क्रिस्पर, म्हणजे जनुक हव्या त्या जागी कापणारा, उपचार आला. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, तांबड्या पेशींसाठीचं बीसीएल11एचं बटण त्यांच्यात कापायचं म्हणजे एफवरचा दाब सुटतो, केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत घालायच्या. 2023 च्या अखेरीस आधी ब्रिटननं, मग अमेरिकेनं त्याला परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. मला या शोधाचा मनापासून आनंद आहे, आणि गडचिरोलीच्या पोरापर्यंत तो पोचायला हवा यासाठी आपल्या देशातल्या प्रयोगशाळांनी झटावं असंही वाटतं. पण तोवर तांब्या आणि गोळी यांना कमी लेखू नका.

शेवटी लग्नाबद्दल, कारण चिठ्ठ्या आल्यात त्यातल्या निम्म्या त्याच्याच आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधं असतं, त्यामुळे उसंत भरपूर. उलट फॅल्सिपेरम या मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून त्याला संरक्षण मिळतं. 1954 साली अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवलं. जंगलपट्ट्यात, मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं ते म्हणून. आपल्या पूर्वजांना त्यानं जगवलंय, त्यात कोणत्याही जातीजमातीला कमीपणा नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, दर वेळी हिशेब नव्यानं. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते. आणि एसएस बाळाला एक जनुक आईकडून येतं, एक बापाकडून. तरीही सुनेला माहेरी धाडलेली घरं मला ठाऊक आहेत. 'तुझ्यामुळं झालं' हे वाक्य निव्वळ खोटं आहे. 2023 च्या 1 जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 7 कोटी लोकांची तपासणी ठरली होती. तपासणीनंतर हातात कार्ड पडेल तेव्हा ते समजावून सांगणारं माणूसही समोर बसलेलं हवं, एवढी माझी मागणी आहे.

सात वाजले. बाहेरचे थेंब आता तयार असतील. ऑक्सिजन संपला आणि उसंतही सरली की काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. डाव्या सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या पेशी आहेत, गोल नाण्यांसारख्या. उजव्या बाजूला आपल्या मित्राच्या. रांगेत या, लहान मुलांना पुढे करा, आणि भिंग फिरवू नका, मी बरोबर जुळवून ठेवलंय. आणि हो, दाराजवळ माठ आहे. आधी पाणी प्या.