पाच कार्बन, दोन खेपा

(महाल, नागपूर. टायपिंगचा जुना वर्ग.)

बाई सहा कोरे कागद घेतात. दर दोन कागदांमध्ये एक कार्बन, काळी बाजू खाली. गठ्ठा टेबलावर ठोकून कडा जुळवतात आणि रोलरवर चढवतात. या खोलीत त्यांनी कितीतरी मुलींना मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षेला बसवलंय. म्हणतात, “शेवटची कॉपी वाचता आली पाह्यजे तं की हाणा लागते. नुसतं दाबून भागत नाही.”

१९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये एडिथ आइड अशीच की हाणत होती. आरकेओ या सिनेमाच्या स्टुडिओत सेक्रेटरी. काम थोडं, आणि साहेबाचं सांगणं एवढंच की रिकामी दिसू नकोस. तिनं ऑफिसातच मासिक टाइप करायला घेतलं, ‘व्हाइस व्हर्सा’. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी अमेरिकेत निघालेलं, माहीत असलेलं हे पहिलं नियतकालिक. कविता, पुस्तकांची-सिनेमांची परीक्षणं. अख्खा अंक पाच कार्बन लावून टाइप करायचा, मग तोच अंक पुन्हा पहिल्या ओळीपासून. प्रती निघायच्या दहा-बारा.

(सर्वांत खालचा कागद, जवळून.)

अक्षरं फुगलीयेत, पण वाचता येतात. असा अंक एकीनं वाचायचा आणि मैत्रिणीला द्यायचा. टपालानं पाठवला तर अश्लीलतेच्या कायद्याची भीती, म्हणून हातोहात. अंकावर तिचं नाव नव्हतं. नऊ अंक निघाले. १९४८मध्ये स्टुडिओ विकला गेला, तिचा तो एकांतही गेला.

(बाई रिबन बाजूला करतात. मेणाचा स्टेन्सिल.)

आता की थेट मेण कापते. कापलेल्या जागेतून शाई खालच्या कागदावर उतरते. हे सायक्लोस्टाइल. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ या अशाच स्त्रियांच्या संघटनेनं ऑक्टोबर १९५६मध्ये ‘द लॅडर’ असाच काढला. संपादक फिलिस लायन आधी टोपणनावानं लिहायच्या, काही महिन्यांतच त्यांनी स्वतःचं नाव छापलं. ‘द लॅडर’ १९७२पर्यंत चालला. १९७६मध्ये अमेरिकेतल्याच शार्लट शहरात दोघींनी सुरू केलेलं स्त्रीवादी ‘सिनिस्टर विझडम’ आजही निघतं.

आपल्याकडे मुंबईच्या स्त्री संगम या गटानं ‘स्क्रिप्ट्स’ काढलं, कोलकात्याच्या सॅफो या गटानं ‘स्वकंठे’. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून २०१८मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले.

मराठीत १९७७मध्ये ‘बायजा’ आलं, १९८९मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’. बाईनं स्वतःबद्दल लिहायची वाट त्यांनी मोठी केली. या प्रेमालाही मराठीत स्वतःचं पान हवं, आणि ते नागपुरातून का निघू नये? म्हणूनच आम्ही या वर्गात आलो.

(मराठी मशीन. सहा कागद, पाच कार्बन.)

आमच्यातली एक मजकूर सांगतेय. बाईंची बोटं सरसर चालतायत. एका शब्दावर थांबतात. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी कधी टाइप केलेला नाही.

“लेस्बियन. स अर्धा ना?”

“हो, अर्धा.”

बाई की हाणतात.