न घासलेलं कोल्ट

मघाशी चहाच्या वेळी एक काका विचारत होते, एवढं जुनं लोखंड आणि त्याला एवढे पैसे का? तर तिथूनच सुरू करतो. ऑगस्ट २०२१ मधे लॉस एंजेलिसला एका लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलर्सच्या वर गेलं. पॅट गॅरेट या शेरीफने १८८१ साली अमेरिकेत फोर्ट समनरला बिली द किड या नामचीन गुंडाला ज्याने मारलं ना, ते. तो पैसा त्या कहाणीचा आणि कहाणीमागच्या पुराव्याचा. आपल्यासारख्या माणसाच्या कलेक्शनमधे असलं काही येत नाही, पण पुरावा तिथेही लागतोच.

मी गोळा करतो ती कोल्टचीच १८७३ ची सिंगल अॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरं, ज्यांना लोक पीसमेकर म्हणतात. अमेरिकी लष्कराला साडेसात इंची नळीची दिली होती. हातात आलं की मी आधी नंबर बघतो, फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर आणि मुठीमागच्या पट्टीवर, तिन्हीकडे तोच सिरीयल नंबर पाहिजे. मग फ्रेमच्या पुढचा स्क्रू बघायचा, साधारण १८९६ पर्यंतच्या, बंदुकीच्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या फ्रेमला सिलिंडरची, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याची, पिन पुढून स्क्रूने धरलेली असते, नंतर आडवा खटका आला. पण नंबर जुळत नाहीत म्हणून लगेच खोटं म्हणू नका हं, १८९० च्या दशकात लष्कराने जुनी परत मागवून नळ्या साडेपाच इंचाला कापल्या, पार्ट एकमेकांत मिसळले, त्यांना आर्टिलरी म्हणतात, आणि त्यात वेगवेगळे नंबर असणंच बरोबर.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. घासू नका. माझं पहिलं कोल्ट मी एका गन शोमधे घेतलं, आरशासारखं चकचकीत, मला वाटलं केवढं जपलंय. घरी भिंग लावलं तर डाव्या अंगावरच्या पेटंटच्या तारखा पुसट झालेल्या, कडा गोल, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे. कुणीतरी बफिंग करून नव्याने निळं केलेलं. कारखान्यात फ्रेम हाडांच्या कोळशात भाजून निघायची, त्यावर निळे-तपकिरी ढग उमटायचे, ते एकदा गेले की गेले, कुठल्याही दुकानात परत मिळत नाहीत. मला फार वाईट वाटलं, पैशापेक्षा त्या दीडशे वर्षांचं. उलट दुसरं एक मिळालं, तपकिरी पडलेलं, मूठ झिजलेली, पण कुणी हात न लावलेलं. त्याचं कोल्टकडून पत्र मागवलं, त्यात कधी आणि कुठल्या व्यापाऱ्याला पाठवलं, नळी किती इंची, फिनिश कुठलं सगळं आलं, आणि समोरच्या वस्तूशी तंतोतंत जुळलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

कायद्याचं थोडक्यात, १८९८ पर्यंत बनलेलं असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ते अँटिक, पण राज्याचे नियम वेगळे असतात, आधी तुमच्या राज्याचं बघून घ्या.

आणि हाताळताना, घोडा, म्हणजे मागचा हातोडा, अर्धा ओढून आणि गोळ्या भरायचं गेट उघडून सिलिंडर फिरवलंत तर तिथूनच घोडा खाली सोडू नका, पूर्ण मागे ओढा आणि मग अंगठ्याने हळूच उतरवा, नाहीतर सिलिंडरवर गोल ओरखडा उमटतो. या आता टेबलापाशी, सहाही घरं रिकामी आहेत ते आधी सगळ्यांना दाखवतो, मग घोडा ओढताना चार वेळा टिकटिक येते ती ऐका.