ताटातलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

गावाचा इतिहास लिहायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न पुढे येतात. पैसा कुठून आणायचा आणि सुरुवात कुठून करायची? मला वाटतं, दोन्हींची उत्तरं चुलीपाशी सापडतात. गावच्याच मातीत पिकलेल्या धान्याभाजीचं गावजेवण घालावं, त्यातून इतिहासाच्या कामासाठी निधी उभा करावा, आणि त्याच पंगतीत वही घेऊन इतिहास लिहायला बसावं.

गावांचे बरेच इतिहास राजापासून सुरू होतात. कोणती लढाई जवळून गेली, कोण मोठा माणूस इथे जन्मला, हे त्यांत असतं. पण गाव वसलं ते पाणी होतं आणि जमीन पिकत होती म्हणून. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

यासाठी मला एक फार जुनी नोंदवही आठवते. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम यानं 1085च्या नाताळात आपल्या राज्याची पाहणी करायचं ठरवलं. 1086मध्ये त्याची माणसं मुलूखभर फिरली आणि 13,000हून अधिक ठिकाणांची नोंद झाली. तीच डोम्सडे बुक म्हणून ओळखली जाते. राजाला जमीन आणि कर यांचा हिशेब हवा होता, इतिहास लिहिण्याचा त्याचा हेतू नव्हता. पण त्याच्या माणसांनी विचारलं काय, ते ऐका. नांगर किती? पाणचक्क्या किती? कुरण किती, रान किती, मासळीची तळी किती? आणि हे तीन काळांबद्दल विचारायचं होतं: आधीचा राजा एडवर्ड याच्या वेळी काय होतं, विल्यमनं ती जमीन नव्या धन्याला दिली तेव्हा काय होतं आणि आज काय आहे. आज साडेनऊशे वर्षं होत आली, तरी तिथली कितीतरी गावं आपली पहिली लेखी ओळख त्याच नोंदीत शोधतात.

ही तीन काळांची रीत मला फार मोलाची वाटते. आपणही एकेका शेताबद्दल असंच विचारू शकतो. आजोबांच्या वेळी इथे काय पिकायचं, तुमच्या हाती आलं तेव्हा काय होतं, आणि आता काय आहे? तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहिली की विहीर कधी झाली, रान कधी तुटलं, घरातलं कोण गाव सोडून गेलं, हे न विचारताही पुढे येतं.

पण त्या नोंदवहीत एक गोष्ट सलते. जमिनीच्या धन्यांची नावं तिच्यात आहेत. नांगर धरणारे मात्र बहुतेक ठिकाणी फक्त आकड्यांत आहेत. या गावी इतके कुणबी, तिथे इतके गुलाम, बस्स. आपल्या वहीत असं होता कामा नये. म्हणूनच जेवणाच्या दिवशी प्रत्येक पातेल्याशेजारी एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आधी शेताचं नाव, मग पेरणाऱ्याचं, खुडणाऱ्याचं आणि रांधणाऱ्याचं नाव, आणि शेवटी बी कुठून आलं ते. शेताचं नाव आधी लिहा म्हणते, कारण सरकारी नकाशावर शेताला बहुधा आकडाच असतो. नाव राहतं ते तोंडी, आणि ते म्हणणारी माणसं गेली की तेही जातं.

बी कुठून आलं, हा प्रश्न तर सोडूच नका. ज्याला आपण अगदी इथलं म्हणतो ते पीक पुष्कळदा लांबचा प्रवास करून आलेलं असतं. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. मका मेक्सिकोत सुमारे 9,000 वर्षांपूर्वी एका रानगवतापासून माणसानं घडवला. मिरची आणि टोमॅटोही त्याच खंडांतले. 1492मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला आणि त्यानंतर ही पिकं जगभर पसरली. म्हणजे गावात हे बी पहिल्यांदा कुणीतरी आणलं, कुणीतरी भीत भीत पेरलं, शेजाऱ्यानं कुंपणावरून पाहिलं. ती गोष्ट कुणाला ठाऊक आहे का, हे पंगतीत विचारायचं.

पीक गावाचं काय करू शकतं, हे आयर्लंडनं भोगलं. तिथल्या गरिबांचं पोट बटाट्यावर, त्यातही मुख्यतः लंपर नावाच्या एकाच वाणावर अवलंबून होतं. 1845मध्ये त्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं उपासमारीनं आणि रोगानं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. कितीतरी वस्त्या ओस पडल्या. आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे विचारायला हवं: पीक बुडालं त्या वर्षी काय खाल्लंत? ‘जुन्या दिवसांबद्दल काही सांगा’ म्हटलं तर माणूस गप्प होतो. काय खाल्लंत विचारलं की बोलू लागतो.

आता जेवणाची तयारी. दिवस ठरवायचा तो सुगी पाहून, आणि ताटात काय असेल ते शेत ठरवेल. मीठ गावात पिकत नसेल तर ते कुठून, कोणत्या वाटेनं यायचं, हेही लिहून घ्या. त्या चिमूटभर मिठातून जुना बाजार, जुनी वाट, जुनी देवघेव सगळं बाहेर येतं. भिंतीवर गावाचा मोठा कोरा नकाशा लावा आणि ज्याला जे ठाऊक आहे ते त्यानं त्यावर काढावं. इंग्लंडमध्ये कॉमन ग्राउंड या संस्थेनं 1980च्या दशकात असे नकाशे लोकांकडूनच काढून घेतले. कुणी ते रंगवले, कुणी चक्क विणले.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र मात्र व्यासपीठावर ठेवू नका. ते रांधणाऱ्या बायकांपाशी न्या. 1948मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी मौखिक इतिहासाचं, म्हणजे माणसांच्या तोंडून आठवणी नोंदवून घेण्याचं काम उभं केलं, तेव्हा तिथेही आधी मोठ्या पदांवरची माणसंच बोलती केली गेली. सामान्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. तो वेळ आपल्यापाशी नाही. मात्र यंत्र सुरू करण्याआधी परवानगी विचारा, आणि दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.

पैशाचं बोलू. धान्य, भाजी, सरपण घरोघरून आलं तर खर्च थोडा आणि निधी जास्त राहतो. बाहेरगावी गेलेल्यांना आवर्जून बोलवा. ज्याला पैसे देणं जमत नाही त्यानं आठवण द्यावी. त्याचं ताट वेगळं नको, पंगत वेगळी नको. जमलेला पैसा त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजून सांगा. आणि तो आधी गुळगुळीत पुस्तकावर घालू नका. आधी जुनी कागदपत्रं आणि फोटो स्कॅन करा, त्यांना आम्लविरहित, म्हणजे कागद खराब न करणारी पाकिटं आणा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद घेऊन जातं. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनं नाव लिहा. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर.

एक राहिलं. ज्यांना चालवत नाही, दिसत नाही, अशी माणसं पंगतीला येणार नाहीत, आणि बहुधा सगळ्यात जास्त ठाऊक असतं ते त्यांनाच. त्यांचं ताट झाकून त्यांच्या घरी पाठवा. सोबत दोन तरुण जाऊ द्या, त्यांतलं एक त्या घरच्या ओळखीचं असावं. यंत्र पिशवीतच ठेवायचं. आधी त्यांना निवांत जेवू द्यायचं. हात धुऊन झाले की मग विचारायचं, आजी, ही भाजी तुमच्या वेळी कोणत्या शेतात व्हायची?

नमस्कार.