वाढीचा वेग आणि आपला वाटा

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्टार्टअपमधली नोकरी: फायदे-तोटे’. ते सांगेनच, पण आधी एक हिशोब मांडू द्या. कंपनी दर आठवड्याला 1 टक्का वाढली, तर वर्षाअखेरीस ती जेमतेम 1.7 पट होते. 5 टक्क्यांनी वाढली तर 12.6 पट. 7 टक्क्यांनी, तर जवळपास 34 पट! ग्राहक बारा पट होतात, माणसं मात्र बारा पट घेता येत नाहीत. मधलं सगळं काम असलेल्यांच्या अंगावर पडतं. स्टार्टअपमध्ये माणूस लवकर तयार होतो तो यामुळे, आणि लवकर थकतो तोही यामुळेच. एक घ्यायचं नि दुसरं नाकारायचं, अशी सोय नाही. दुसऱ्या रांगेतल्या ताई हसतायत, म्हणजे त्या यातून गेलेल्या दिसतात.

मी एका अशा कंपनीत होतो. नाव घेत नाही. तिथे दर सोमवारी सकाळी नव्या नोंदणीचा आलेख भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागायचा. रेषा वर गेली की टाळ्या. एकदा पहिला महिना फुकट दिला आणि रेषा जवळपास उभीच झाली. ग्राहकसेवेत एक मुलगी होती, लागून वर्षही झालं नव्हतं. तिनं आपल्या एक्सेलमध्ये एक जादा रकाना केला, ‘खातं का बंद केलं?’ आणि खाली ग्राहकांचे शब्द जसेच्या तसे. ‘पैसे दोनदा कापले.’ ‘फोन कुणी उचलत नाही.’ ‘फुकट होतं म्हणून घेतलं होतं.’ हे तिसरं वाक्य ओळीमागून ओळी. नवे लोक दुसरा महिना लागताच निघून जात होते आणि भिंतीवरच्या आलेखात त्याचा मागमूस नव्हता. तिनं ती शीट बैठकीत दाखवायची परवानगी मागितली. उत्तर मिळालं, ‘आत्ता नको, गुंतवणूकदार यायचेत.’ मला त्याचा राग आजही येतो. त्या घडीला कंपनीतलं सगळ्यात मोलाचं काम तिचं होतं. पुढे पैसे संपत आले, कपात झाली, आणि पहिल्या यादीत ग्राहकसेवेची नावं होती.

पण हेही खरं की ग्राहक का टिकतो, का जातो, हे तिला वर्षाच्या आत कळलं. बस्तान बसलेल्या मोठ्या कंपनीत ती माहिती दुसऱ्याच विभागाकडे असते. नव्या मुलीच्या हाती कोण देतं? आज ती दुसरीकडे याच कामाची प्रमुख आहे. माझ्या लेखी स्टार्टअपचा मोबदला हा. पदनाम तिथे कुणालाही मिळतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत आणि ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घ्यायचा मिळणारा हक्क, तो विषय तर अजून सुरूच केला नाही. भराभर सांगतो. हे शेअर साधारण चार वर्षांत हळूहळू हक्काचे होतात. वर्षाच्या आत सोडलं, तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. नोकरी सोडल्यावर ते खिशातून पैसे भरून घ्यायला बऱ्याच कंपन्या 90 दिवस देतात. टक्क्यावरही भाळू नका. कंपनी नव्यानं भांडवल उभारते त्या दर फेरीत गुंतवणूकदारांना 20 टक्के वाटा गेला, तर चार फेऱ्यांनंतर तुमच्या 1 टक्क्याचे 0.41 उरतात.

आणि विक्रीच्या वेळी प्राधान्य शेअरवाले, म्हणजे आपले पैसे आधी परत घ्यायचा हक्क असलेले गुंतवणूकदार, तुमच्या पुढे उभे असतात. 2018 साली फॅनड्युएल ही ऑनलाइन फॅन्टसी खेळांची कंपनी पॅडी पॉवर बेटफेअर या सट्टेबाजीच्या कंपनीकडे गेली, तेव्हा प्राधान्य शेअरांचा पहिला हक्क 55.9 कोटी डॉलरपर्यंत होता आणि कंपनीचं मोल धरलं गेलं 46.5 कोटी. सामान्य शेअरवाल्यांच्या हाती काही लागलं नाही, त्यात संस्थापकही आले. याउलट 2005 मध्ये फेसबुकच्या कार्यालयात भिंतींवर चित्रं काढणाऱ्या चित्रकार डेव्हिड चो यांनी मेहनताना शेअरमध्ये घेतला. 2012 साली कंपनी बाजारात आली, तेव्हा त्याची किंमत 20 कोटी डॉलरच्या घरात सांगितली जात होती. ही दुसरी गोष्ट प्रत्येक भरतीच्या वेळी ऐकवतात. पहिली तुम्हाला स्वतः शोधावी लागते.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: हातातले पैसे किती महिने पुरतील? वर्षापूर्वी आलेल्या ग्राहकांपैकी आज किती आहेत? एकूण शेअर किती, आणि गुंतवणूकदारांचा आधीचा हक्क किती? माझ्या आधी हे काम कोण करत होतं, ते का गेले? टिकलेल्या ग्राहकांचा आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर ईसॉपची किंमत शून्य धरा आणि निव्वळ पगारावर ठरवा. डोक्यावर कर्ज असेल, घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबा. रात्रीच्या कामाबद्दल, तब्येतीबद्दल बोलायचं राहिलं. ते प्रश्नोत्तरांत विचारा.