अर्ध्या मायक्रॉनचा हिशेब : इनॅमलचा कठीणपणा मोजताना

(दृश्य : मायक्रोस्कोपखाली आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग. मधोमध एक लांबट, काळसर खूण.)

ओढून लांब केलेल्या शंकरपाळीसारखा दिसतोय तो इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, उमटलेला हिऱ्याचा ठसा. लांबी ४६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीहूनही कमी. रुंदी लांबीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी आणि खोली जेमतेम दीड मायक्रॉन. अमुक टूथपेस्टनं दात पुन्हा घट्ट होतो का, तमुक शीतपेयानं किती मऊ पडतो, हे असल्याच खड्ड्यांवरून ठरवलं जातं.

ठसा उमटवणारं यंत्र स्वतः कठीणपणा मोजत नाही. ते ठरलेल्या वजनानं हिरा टेकवतं, १० ते १५ सेकंद थांबतं आणि उचलतं. आपण ठशाची लांबी वाचतो. पुढचं सगळं गणित.

हिरे दोन घाटांचे. विकर्सचा हिरा म्हणजे चौकोनी पिरॅमिड, समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंश. इंग्लंडच्या विकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलँड यांनी तो १९२१ मध्ये आणला. दुसरा नूपचा, लांबट. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फ्रेडरिक नूप आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये तो मांडला.

दातासाठी यातला कुठला? ५० ग्रॅम वजनाला विकर्सच्या ठशाचा कर्ण १७ मायक्रॉन भरला तर कठीणपणाचा आकडा येतो ३२१. तोच कर्ण साडेसतरा वाचला तर ३०३. अर्ध्या मायक्रॉनच्या चुकीनं अठरा एकक गेले. नूपचा कर्ण ४५.७ ऐवजी ४६.२ वाचला तर ३४१ चे ३३३ होतात, म्हणजे आठच. लांब ठशात तीच चूक कमी खुपते.

(दृश्य : आयपीसमधली रेघ ठशाच्या टोकाकडे सरकते.)

बरं, हा अर्धा मायक्रॉन कागदावरचा नाही. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगाचं, न्युमेरिकल ॲपर्चर (ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं याचं माप) ०.६५ असतं. हिरव्या प्रकाशात त्याला साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. ठशाचं टोक नेमकं तिथंच धूसर होतं. म्हणून रेघ टोकावर आणायची ती दर वेळी एकाच बाजूनं. पुढे गेली म्हणून स्क्रू उलटा फिरवला की आट्यांमधला ढिलेपणा आकड्यात शिरतो. एका अभ्यासातले सगळे ठसे शक्यतो एकाच माणसानं वाचावेत, आणि कुठला ठसा कुठल्या गटातला हे त्याला कळू देऊ नये.

पण आकडे बिघडतात ते बहुतेक वेळा त्याआधीच, नमुना तयार करताना.

दातांना तार लावण्याआधी जागा करण्यासाठी काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागच्या उपदाढा) सहसा वापरतात. काढल्याबरोबर स्वच्छ करून ०.१ टक्के थायमॉलमध्ये (एक जंतुनाशक) ४ अंशांवर ठेवायचे. कोरडे पडू द्यायचे नाहीत. दात कुठल्या गावच्या माणसाचा, हेही विचारून घ्यावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडनं होणारा दातांचा विकार) झालेल्या इनॅमलमध्ये पृष्ठभागाखाली खनिज मुळातच कमी असतं. असे दोन दात गटात मिसळले तर सरासरीच हलते.

(दृश्य : पाण्याच्या धारेखाली फिरणारी हिऱ्याची चकती.)

कापताना पाणी सतत हवं. मग दाताचा तुकडा ॲक्रिलिकमध्ये (एक प्रकारचं प्लॅस्टिक) बसवायचा. त्याला कोल्ड क्युअर (उष्णता न देता घट्ट होणारं) म्हणतात, पण घट्ट होताना ते चांगलंच तापतं. साचा गार पाण्यात ठेवलेला बरा. घासायचं सिलिकॉन कार्बाइडच्या पेपरवर : ६००, १२००, २४००, ४००० (आकडा मोठा तितका पेपर बारीक). शेवटी एक मायक्रॉनचा डायमंड पेस्ट. दर पेपरनंतर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं. हा टप्पा कंटाळून गाळला की ६०० च्या पेपरचा एखादा कण ४००० वर येतो आणि केलेल्या पॉलिशवर ओरखडा उठवतो.

नमुन्याची खालची-वरची बाजू समांतर हवी. तिरकी असली तर ठसाच सांगतो : मधल्या बिंदूपासून एक टोक लांब, दुसरं जवळ. असा ठसा मोजायचा नाही. वजन वाढवून ठसा मोठा करावा असा मोह होतो, पण इनॅमल ठिसूळ आहे. वजन जास्त झालं की कोपऱ्यांतून तडे जातात. फार कमी वजनाला आकडा उगाच चढतो. त्यामुळे वजन न सांगता दिलेला कठीणपणा वाचण्यात काही अर्थ नाही. आणि शेजारून लिफ्ट गेली, टेबल थरथरलं, तर हिरा थोडा जास्त रुततो आणि चांगला दात मऊ ठरतो.

आता ॲसिड. इनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. पीएच ५.५ च्या आसपास उतरला की कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. प्रयोगात दात ४.४ पीएचच्या द्रावणात काही तास, मग लाळेसारख्या द्रावणात उरलेला दिवस, असं कित्येक दिवस चालतं. गंमत म्हणजे त्या ॲसिडमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फेट मुद्दाम घालतात, प्रत्येकी २.२ मिलिमोलर. नुसतं ॲसिड वरचा थरच झिजवून टाकतं. द्रावणात ही खनिजं आधीच थोडीफार असली की वरचा थर बराचसा टिकतो आणि खनिज त्याच्या खालून जातं. तोंडात कीड सुरू होते तीही अशीच.

(दृश्य : ओल्या दातावर काही दिसत नाही. हवा मारल्यावर पांढरा डाग उमटतो.)

इनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. सच्छिद्र भागातलं पाणी उडून हवा शिरली की फरक वाढतो, प्रकाश विखुरतो आणि डाग दिसतो.

इथंच पृष्ठभागावरचा ठसा अपुरा पडतो. तो दीड-दोन मायक्रॉन उतरतो. पोकळ भाग त्याच्या कितीतरी खाली. वरचा आकडा सुधारला म्हणजे आतलं खनिज भरलं, असं लिहिणारे लेख कमी नाहीत. दहा दातांवर पाच-पाच ठसे मारून नमुने पन्नास आहेत असं मानणारेही आहेत. नमुने दहाच.

आतलं पाहायचं तर दात उभा चिरायचा आणि कापलेल्या बाजूवर, काठापासून आत, ठशांची रांग मारायची. वजन २५ ग्रॅम, ठशाचा लांब कर्ण काठाला समांतर. मग खोलीच्या दिशेनं येते ती फक्त रुंदी, निरोगी इनॅमलमध्ये पाच मायक्रॉनच्या आत. तरी अगदी काठाला टेकून ठसा मारता येत नाही, कड फुटते. पहिले वीसेक मायक्रॉन सुटतातच.

त्यांच्यासाठी दाताचा सुमारे १०० मायक्रॉन जाडीचा काप करून क्ष-किरणांनी खनिज मोजतात. तेवढा पातळ काप घासता घासता तुटतो, आणि तुटतो तो बहुधा पोखरलेल्या जागीच.