६ जून १९४४ : लंडन नभोवाणीचा एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणात मी आपल्यासमोर नभोवाणीचा एक संपूर्ण दिवस मांडणार आहे. तो दिवस आहे मंगळवार, ६ जून १९४४. त्या पहाटे दोस्त राष्ट्रांच्या फौजा इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. या मोहिमेचा लष्करी इतिहास पुष्कळांनी लिहिलेला आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी तो वाचलाही असेल. मला बोलायचे आहे ते बीबीसीने त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय ऐकवले, ते कोणत्या क्रमाने ऐकवले आणि कोणत्या गोष्टी सांगायच्या टाळल्या, याविषयी. देश युद्धात असताना सार्वजनिक नभोवाणीने कसे वागावे, हा प्रश्न जुना आहे आणि तो अजून सुटलेला नाही. पण त्या प्रश्नाला प्रत्यक्ष कामातून दिलेले इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या एका दिवसात मला आढळलेले नाही.

त्या दिवसापर्यंत बीबीसीच्या गाठीशी जवळजवळ पाच वर्षांचा युद्धकाळ होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमधील सगळे प्रादेशिक कार्यक्रम बंद करून त्यांच्या जागी एकच होम सर्व्हिस सुरू करण्यात आली आणि त्याच दिवशी नवीन असलेले दूरचित्रवाणी केंद्रही बंद झाले. प्रक्षेपकांच्या लहरींचा माग काढून शत्रूच्या विमानांना दिशा सापडू नये, म्हणून प्रक्षेपकांचे गट करून प्रत्येक गट एकाच तरंगलांबीवर चालवला जाई आणि सगळे एकाच वेळी एकच कार्यक्रम देत असत. १९४० च्या उन्हाळ्यापासून बातम्या वाचणारा निवेदक स्वतःचे नाव सांगू लागला. उद्या शत्रूने एखादे केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्याच, तर श्रोत्याला परका आवाज ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसवर बॉम्ब पडून सात कर्मचारी ठार झाले, तेव्हा ब्रूस बेलफ्रेज हे निवेदक रात्री नऊच्या बातम्या वाचत होते. स्फोटानंतर क्षणभर थांबून त्यांनी उरलेले बातमीपत्र वाचून पूर्ण केले. याच आवाजांनी डंकर्कची माघार सांगितली होती, सिंगापूर पडल्याचे सांगितले होते आणि उत्तर आफ्रिकेतले तोब्रुक हातचे गेल्याचेही सांगितले होते. पराभवाच्या बातम्या देणाऱ्याच्या विजयाच्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात, आणि ६ जूनला बीबीसीच्या कामी आली ती हीच जवळजवळ पाच वर्षांची पुंजी.

वास्तविक दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळीच झाली होती. बीबीसीच्या फ्रेंच कार्यक्रमात रोज काही ‘वैयक्तिक निरोप’ वाचून दाखवले जात. ऐकणाऱ्याला ती अर्थहीन वाक्ये वाटत. पण व्याप्त फ्रान्समधील भूमिगत गटांना त्यांतून रेल्वेचे रूळ कधी उखडायचे, टेलिफोनच्या तारा कधी तोडायच्या याचे आदेश मिळत. १ जूनला एका प्रसिद्ध फ्रेंच कवितेचा आरंभीचा भाग वाचला गेला होता आणि ५ जूनच्या संध्याकाळी त्यापुढचा भाग वाचला गेला. जर्मन गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनाही या दोन भागांचा मेळ बसवता आला होता आणि त्यांच्या एका सैन्याला सावधगिरीचा इशाराही मिळाला. परंतु नॉर्मंडीचे रक्षण करणाऱ्या सैन्यापर्यंत तो इशारा गेलाच नाही. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्याप्त प्रदेशांत लंडनचा आवाज ऐकणे हा गुन्हा होता. हॉलंडमध्ये तर १९४३ साली जर्मनांनी नागरिकांचे रेडिओ संचच जप्त केले होते. तरीही लोक संच लपवून ठेवत आणि आवाज अगदी बारीक करून ऐकत.

आता ६ जूनच्या सकाळकडे वळू. सैन्य उतरल्याची पहिली बातमी बीबीसीने दिली नाही, ती दिली जर्मनांनी. त्यांच्या ट्रान्सओशन या वृत्तसंस्थेने सकाळी सातच्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर हल्ला सुरू झाल्याचे जाहीर करून टाकले. लंडनच्या वृत्तकक्षातील माणसांच्या दृष्टीने ही कसोटीची घटका होती. त्यांच्यापैकी निवडक लोकांना खरी गोष्ट ठाऊक होती, तरी दोस्त फौजांचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाचे अधिकृत पत्रक प्रसृत होईपर्यंत ती बोलून दाखवण्याची मुभा नव्हती. मग आठच्या बातमीपत्रात त्यांनी काय केले? जर्मन सूत्रांच्या हवाल्याने असे वृत्त आले आहे, एवढे त्यांनी सांगितले आणि त्या वृत्ताचा उगम कुठला, हे स्पष्टपणे श्रोत्यांपुढे ठेवले. त्याबरोबर किनाऱ्यापासून ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्या युरोपातील नागरिकांना दोस्तांच्या हवाई हल्ल्यांबाबत दिलेला इशाराही ऐकवला. ज्यांना अर्थ लावायचा होता त्यांनी तो लावला असेलच. पण नभोवाणीने स्वतः पुष्टी न केलेली गोष्ट स्वतःच्या तोंडी घातली नाही, आणि ती ऐकूच आली नाही असे सोंगही घेतले नाही. पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे बातमीपत्र. सकाळी साडेनऊनंतरची घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहते, आठची बातमी फारशी कोणाला आठवत नाही. वास्तविक संपादकांचा कस लागला तो आठ वाजता.

त्यानंतर नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी जॉन स्नॅग यांचा आवाज आला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या नौकाशर्यतीच्या धावत्या वर्णनामुळे हा आवाज ब्रिटिश श्रोत्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. त्यांनी मुख्यालयाचे पहिले पत्रक वाचले. त्याचा आशय मराठीत असा सांगता येईल: जनरल आयझेनहॉवर यांच्या अधिपत्याखाली दोस्तांच्या नौदलाने, प्रबळ हवाई दलाच्या साहाय्याने, आज सकाळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरवण्यास आरंभ केला आहे. संपूर्ण पत्रक एवढेच, एका वाक्याचे. किती जहाजे, किती माणसे, नेमकी जागा कोणती, यश मिळाले की नाही, यांपैकी त्यात काहीही नाही. ‘आरंभ केला आहे’ या क्रियापदापलीकडे ते वाक्य एक पाऊलही टाकत नाही, कारण त्या घटकेला त्यापलीकडचे कोणालाच ठामपणे माहीत नव्हते. स्नॅग यांनी ते वाचलेही तसेच, सावकाश, आवाज न चढवता. त्या वाचनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. बातम्या वाचण्याचे काम शिकणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावे, असे मला अगदी मनापासून वाटते.

त्यानंतर नेत्यांचे संदेश आले: स्वतः आयझेनहॉवर, नॉर्वेचे राजे हाकोन, हॉलंड आणि बेल्जियमचे पंतप्रधान. आयझेनहॉवर यांनी आपल्या संदेशात भूमिगत चळवळीच्या लोकांना नेत्यांच्या आज्ञा पाळायला सांगितले आणि जे कोणत्याही संघटित गटात नाहीत त्यांना विनाकारण जीव धोक्यात न घालण्याची विनंती केली. अकाली उठाव झाला असता, तर गावेच्या गावे जाळली गेली असती. म्हणजे त्या क्षणी नभोवाणीवरचे एक वाक्य हे हजारो माणसांच्या जिवाशी बांधलेले होते. जनरल द गॉल यांनी मात्र आयझेनहॉवर यांच्यामागोमाग बोलण्यास नकार दिला, कारण त्या संदेशात स्वतंत्र फ्रान्सच्या त्यांच्या नेतृत्वाचा उल्लेखच नव्हता. बरीच धुसफूस होऊन अखेर संध्याकाळी ते स्वतंत्रपणे फ्रेंच जनतेशी बोलले. दुपारी चर्चिल यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवेदन केले. आधी त्यांनी रोम मुक्त झाल्याविषयी दहाएक मिनिटे बोलून सभासदांना ताटकळत ठेवले आणि मग नॉर्मंडीकडे वळले.

येथपर्यंत सांगितले ते ऐतिहासिक क्षण. पण नभोवाणीचा दिवस असल्या क्षणांनी भरत नाही. त्या वर्षांत सकाळी आठच्या बातम्यांनंतर, सव्वाआठला, ‘किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागत असे. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या मोजक्या जिनसांत घर कसे चालवावे, अंड्याच्या भुकटीचे काय करावे, बटाटा किती तऱ्हांनी रांधावा, हे त्यात सांगत. वेणू चितळे या आपल्या मराठी विदुषी युद्धकाळात बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात काम करत होत्या आणि या कार्यक्रमातही त्यांनी भाग घेतला होता, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. त्याच विभागातून १९४२ पासून मराठीतही प्रसारण होऊ लागले होते आणि इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी तेथे असताना लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे मराठीत उतरवली जात होती. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ज्या घरांतली मुले मराठा पलटणींत भरती होऊन इटलीत लढत होती, त्या घरांना युरोपातील बातमी परकी नव्हती.

कारखान्यांसाठी सकाळी साडेदहाला आणि दुपारी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ लागे. अर्ध्या तासाचे सलग वादन, लय सारखी ठेवलेली, मध्ये बोलणे जवळजवळ नाही. या कार्यक्रमाची आखणी किती बारकाईने केली होती, याचे एक उदाहरण सांगतो. मध्येच टाळ्या वाजवण्याची जागा असलेले एक लोकप्रिय अमेरिकन गाणे या कार्यक्रमातून वर्ज्य करण्यात आले होते, कारण ते लागले की कामगार हातातले पाने यंत्रांवर आणि टेबलांवर आपटत. शस्त्रास्त्रे घडवणाऱ्या कारखान्यात त्या ठोक्यांची किंमत काय होते, हे नभोवाणीवरच्या माणसांनी जाऊन पाहिलेले होते. मोठी बातमी आली म्हणून नेहमीचे सर्व गुंडाळून ठेवायचे आणि तीच बातमी दिवसभर दळत बसायचे, ही पद्धत तेव्हाच्या बीबीसीने स्वीकारली नव्हती. ठरलेल्या वेळी बातमीपत्र, मध्ये गरजेप्रमाणे विशेष निवेदन, आणि त्यांच्या अवतीभवती रोजचे कार्यक्रम, अशी ती बांधणी होती. ज्या आईचा मुलगा त्या घटकेला समुद्रात होता, तिला पुढची खरी बातमी केव्हा मिळेल हे घड्याळावरून कळत होते. अफवांच्या दिवसांत हा केवढा मोठा आधार होता, याची कल्पना आपण सहज करू शकतो.

रात्री नऊ वाजता बिग बेनचे टोले पडले. १९४० पासून हे टोले चालू असताना लोकांनी मिनिटभर मौन प्रार्थना करण्याचा प्रघात होता. त्यानंतर राजे सहावे जॉर्ज राष्ट्राला उद्देशून बोलले आणि त्यांनी प्रार्थनेचे आवाहन केले. मग बातम्या झाल्या आणि बातम्यांनंतर ‘वॉर रिपोर्ट’ या नव्या कार्यक्रमाचा पहिला भाग प्रसारित झाला. या कार्यक्रमाची तयारी वर्षभर चालली होती. वार्ताहरांना सैनिकांबरोबर कवायत करावी लागली, नकाशे वाचायला शिकावे लागले, शस्त्रांची ओळख करून घ्यावी लागली. त्यांच्यासाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी एक लहान ध्वनिमुद्रक बनवला होता. लहान म्हणजे वजन सुमारे १८ किलो! तो किल्ली देऊन चालवायचा. त्याच्याबरोबर दुहेरी बाजूंच्या १२ तबकड्या, आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे बोलणे. तीन मिनिटांत सांगायचे म्हटले की डोळ्यांना दिसते तेवढेच सांगावे लागते, आणि मला वाटते त्या वर्णनांचा नेटकेपणा काही अंशी या यंत्राने घडवला.

त्या संध्याकाळी हॉवर्ड मार्शल बोलले. १९३८ साली ओव्हलवर लेन हटनने ३६४ धावा केल्या, त्या सामन्याचे धावते वर्णन करणारे हेच ते मार्शल. ते सकाळी सैनिकांबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले होते. त्यांची नौका सुरुंगांवर आदळली, त्यांना पाण्यातून जावे लागले, आणि तरीही त्याच दिवशी इंग्लंडला परतून ते ध्वनिक्षेपकासमोर बसले. आपण ओल्याचिंब कपड्यांनिशी बसलो आहोत आणि टिपणे सगळी समुद्राच्या तळाशी गेली आहेत, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले व मग जे पाहिले ते सांगत गेले. क्रिकेट आणि नौकाशर्यतीचे वर्णन करणारी माणसे युद्धवार्ताहर म्हणून इतकी चांगली का ठरली, याचे उत्तर मला त्यांच्या सवयीत दिसते. चेंडू सीमेपार जाण्याआधी चौकार झाला असे म्हणायचे नाही, ही सवय त्यांना मैदानावर जडलेली होती.

आता न सांगितलेल्या गोष्टींविषयी. प्रत्येक वार्तापत्र लष्करी नियंत्रकाच्या हातून जात होते. ओमाहा या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावर त्या दिवशी दोन हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. त्याची कल्पना त्या रात्री घरोघरी कोणाला आली नाही. शिवाय आयझेनहॉवर यांच्या संदेशात ही ‘पहिली’ चढाई असल्याचे सूचित करून जर्मनांना त्याच खाडीवरच्या कॅले या फ्रेंच बंदराकडे दुसऱ्या हल्ल्याची वाट पाहत ठेवण्याचा डाव साधला होता, आणि त्या डावाला नभोवाणीचाच आवाज मिळाला. म्हणून त्या दिवशी श्रोत्यांना संपूर्ण सत्य सांगितले गेले, असे मी म्हणणार नाही. पण मौन आणि असत्य यांच्यामधली सीमा वृत्तकक्षाने सांभाळली. जे सांगता येत नव्हते त्याच्या जागी त्यांनी रचलेली विजयगाथा बसवली नाही, आणि मृतांचे आकडे नंतर बाहेर आले तेव्हा त्या दिवशीचे एकही बातमीपत्र मागे घेण्याची पाळी आली नाही. सेनापतीचा डाव सेनापतीच्या तोंडी राहिला, बातमी बातमीदाराच्या तोंडी राहिली. ही विभागणी मला मान्य आहे. युद्धात सरकारे जेव्हा बातमीदारालाही डावात ओढतात, तेव्हा श्रोता एकदाच फसतो आणि पुढे खरे सांगितले तरी ऐकत नाही.

‘वॉर रिपोर्ट’ त्या रात्रीपासून ५ मे १९४५ पर्यंत चालला; त्याचे २३५ भाग झाले. केंट स्टीव्हन्सन आणि गाय बायम हे त्याचे दोन वार्ताहर बॉम्बफेकी विमानांतून वृत्त आणायला गेले असता मृत्युमुखी पडले. सुरुवातीच्या दिवसांत किनाऱ्यावर भरलेल्या तबकड्या परतणाऱ्या एखाद्या बोटीवरून वा विमानातून लंडनला पाठवाव्या लागत आणि त्यांतल्या काही वाटेत हरवतही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बीबीसीचा फिरता प्रक्षेपक नॉर्मंडीत पोहोचला, क्रूली गावातल्या जुन्या गढीच्या बुरुजात एक छोटासा स्टुडिओ थाटण्यात आला, आणि तेथून पुढे आघाडीवरचा आवाज त्याच रात्री नऊच्या बातम्यांनंतर ब्रिटनच्या घराघरांत ऐकू येऊ लागला.

नमस्कार.